फालशाचा बर्फ आणि गोड बन

मे महिन्याच्या अखेरीस जयपुरात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. नगराच्या जुन्या तटाबाहेर, मिर्झा इस्माईल मार्गाच्या दक्षिणेस सी-स्कीम नावाची वस्ती आहे. इ. स. १९४२ ते १९४६ या काळात जयपूर संस्थानाचे दिवाण असलेले सर मिर्झा इस्माईल यांच्या नगरविस्ताराच्या योजनांतून ती उभी राहिली. तिच्या मध्यभागी सवाई जयसिंह महाराजांचा पुतळा आहे. याच दिवसांत जयपूरच्या रस्त्यांवर हातगाड्यांवरून फालसे विकले जातात. फालसा हे वाटाण्याहून थोडे मोठे, जांभळट लाल, आंबटगोड असे फळ आहे. ते तोडल्यानंतर एकदोन दिवसांतच मऊ पडून नासू लागते. म्हणून ते दूरच्या बाजारात क्वचितच पोहोचते. जेथे पिकते तेथेच आणि पिकते त्याच आठवड्यांत ते खाल्ले जाते.

अशा फळाचा रस गोठवून, घरी भाजलेल्या गोड बनाबरोबर खाणे हा उन्हाळ्यातील एक साधा आनंद आहे. परंतु या साध्या पदार्थामागे दोन प्रश्न उभे राहतात. सभोवती ४० अंशांची उष्णता असताना, विजेच्या यंत्रावाचून एखादी वस्तू शून्याखाली कशी नेता येते? आणि बाजारातील बर्फाच्या शुद्धतेची खात्री नसताना, त्याच बर्फाच्या साह्याने बनविलेला पदार्थ निर्धोक कसा राहतो? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका पातळ पत्र्याच्या डब्याशी येऊन मिळतात.

थंडीचा जुना शोध

उन्हाळ्यात गार पेय मिळविण्याची धडपड भारतात फार जुनी आहे. अबुल फजल याने ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात अकबराच्या दरबारातील पाणी गार करण्याची रीत नोंदवून ठेवली आहे. धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तिचे तोंड बंद करीत. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा विरघळवीत आणि त्या द्रावणात ती सुरई सुमारे पाव तास फिरवीत. सोरा विरघळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. त्यामुळे सुरईतील पाणी गार होई. पुढे इ. स. १५८६ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम पंजाबात गेल्यावर लाहोरपासून सुमारे ४५ कोसांवरील उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून बर्फ आणण्याची व्यवस्था झाली. अर्थातच ही चैन मुख्यतः राजवाड्यांची व धनिकांची होती.

याहून अधिक उद्बोधक वर्णन इ. स. १७७५ मध्ये सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अलाहाबाद येथे हिवाळ्यात उघड्या मैदानावर उथळ खड्डे खणून त्यांत वाळलेली ताटे पसरीत. त्यांवर मातीच्या उथळ ताटल्यांत उकळून गार केलेले पाणी रात्रभर ठेवीत. निरभ्र रात्री ताटल्यांतील उष्णता आकाशाकडे निघून जाई, काही पाणी वाफ होऊन उडे, आणि पहाटेपर्यंत उरलेल्या पाण्यावर बर्फाचा थर जमे. हा बर्फ गोळा करून उन्हाळ्यासाठी साठवीत.

सरबत आणि साय गोठविण्याची तेथील रीतही बार्कर यांनी दिली आहे. पातळ चांदीच्या निमुळत्या पेल्यांत पदार्थ भरून त्यांची झाकणे कणकेने लिंपून टाकीत. मग ते पेले बर्फ, सोरा आणि मीठ यांच्या मिश्रणात ठेवीत. आजही कुल्फीवाला साच्याचे झाकण कणकेने बंद करताना दिसतो. त्या कणकेच्या लेपाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

इ. स. १८४३ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील नॅन्सी जॉन्सन या स्त्रीने हाताने फिरवावयाच्या यंत्राचे पेटंट घेतले. बाहेर लाकडी बादली, आत धातूचा उंच डबा, डब्यात फिरणारे पाते आणि वर दांडा, अशी त्याची रचना होती. महाराष्ट्रातील अनेक घरांत मे महिन्याच्या सुट्टीत ज्यात आंब्याचे आइस्क्रीम होत असे, तो ‘पॉट’ याच यंत्राच्या जातीचा होय.

मीठ काय करते?

पुष्कळांची समजूत अशी असते की, रसाचा डबा भरपूर बर्फात ठेवला म्हणजे रस आपोआप गोठेल. प्रत्यक्षात तसे घडत नाही. शुद्ध पाणी ० अंशावर गोठते; परंतु पाण्यात साखर विरघळलेली असेल, तर त्याचा गोठणबिंदू खाली जातो. येथे दिलेल्या प्रमाणात केलेला फालशाचा गोड रस उणे २ अंशांच्या आसपास गोठू लागतो. वितळणारा नुसता बर्फ मात्र ० अंशाच्या खाली जात नाही. म्हणजे मणभर बर्फ घेतला, तरी त्याच्या साह्याने हा रस गार होईल, पण गोठणार नाही.

येथे मीठ उपयोगी पडते. वितळत्या बर्फाच्या पृष्ठभागावर एकाच वेळी दोन क्रिया चालू असतात. काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात जातात, तर काही पाण्यातून परत बर्फाला चिकटतात. पाण्यात मीठ विरघळले की परतणाऱ्या रेणूंची संख्या घटते, आणि वितळण्याची क्रिया वरचढ ठरते. वितळण्यासाठी उष्णता लागते. इ. स. १७६० च्या सुमारास स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिले की, बर्फ वितळताना त्याचे तापमान न वाढताही तो पुष्कळ उष्णता शोषून घेतो. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने १ ग्रॅम पाणी ० अंशापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. या उष्णतेस ‘सुप्त उष्णता’ म्हणतात.

मिठामुळे झपाट्याने वितळू लागलेला बर्फ ही उष्णता प्रथम स्वतःच्याच मिश्रणातून आणि नंतर आतील डब्यातून ओढून घेतो. परिणामी मिश्रणाचे तापमान शून्याखाली उतरते. शंभर भाग मिश्रणात सुमारे २३ भाग मीठ असेल, तर ते जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरगुती प्रयोगात उणे १० ते उणे १५ अंश मिळाले तरी काम उत्तम होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. थंडी नावाची कोणतीही वस्तू पदार्थात घालता येत नाही. पदार्थातील उष्णता बाहेर काढून घेता येते, एवढेच. ही उष्णता किती, याचा हिशेबही करता येतो. सुमारे सव्वा किलो रस ३० अंशांपासून शून्यापर्यंत आणण्यास आणि त्यातील अर्ध्याहून थोडे अधिक पाणी गोठविण्यास अंदाजे ८० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एवढे काम १ किलो बर्फ वितळून करू शकतो. तथापि जयपूरच्या हवेतून बादलीत सारखी उष्णता शिरत असते. म्हणून ४ किलो बर्फ आणि १ किलो मीठ घेणे इष्ट असते. बादलीला ओले गोणपाट गुंडाळल्यास बर्फाची पुष्कळ बचत होते.

जयपूरच्या पश्चिमेस व थोडे दक्षिणेकडे सुमारे ८० किलोमीटरवर सांभर सरोवर आहे. देशाच्या अंतर्भागातील खाऱ्या सरोवरांत ते सर्वांत मोठे होय. तेथील खारे पाणी उन्हाने आटवून मीठ मिळवितात. ज्या उन्हाने जयपूरची दुपार तापते, तेच ऊन सांभरला मीठ घडविते, आणि त्या मिठाने दुपारचा रस गोठविता येतो.

रसाची सिद्धता

अर्धा किलो फालसे दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावेत. पाव किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी यांचा पातळ पाक करून त्यात फालसे घालावेत. एक चांगली उकळी आल्यावर खाली उतरवून, लाकडी पळीने चेचून, बिया व साली गाळून काढाव्यात. भांडे स्टीलचे असावे; कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट रस ठेवू नये. गाळलेल्या रसात चिमूटभर मीठ घालून तो झाकून ठेवावा. कोमट झाल्यावर रसाचे झाकलेले भांडे मातीच्या परातीत पाणी घालून त्यात ठेवावे आणि भोवती ओले फडके गुंडाळावे. जयपूरच्या कोरड्या हवेत फडक्यातील पाणी वेगाने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. पुढे बर्फाला तेवढे काम कमी पडते.

गार झालेला रस डब्यात दोनतृतीयांश भरावा, कारण गोठताना तो फुगतो. बादलीत बर्फाच्या बारीक खड्यांचा एक थर व खड्याच्या मिठाचा एक थर असे आळीपाळीने रचावेत. दांडा आरंभी सावकाश आणि नंतर वेगाने फिरवावा. पात्याने डब्याच्या भिंतीवरील बर्फाचे कण सतत खरवडले गेले पाहिजेत. रस निश्चल ठेवल्यास त्याचे मोठे व टोकदार स्फटिक बनतात. एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून मोठे स्फटिक जिभेला कणीदार लागतात. ढवळल्याने स्फटिकांना वाढण्यास अवसर मिळत नाही. शिवाय रसात थोडी हवा मिसळून तो हलका होतो. साधारणपणे अर्ध्या ते पाऊण तासात दांडा जड लागू लागतो. पदार्थ तयार झाल्याची ती खूण होय.

पॉट नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बादलीत ठेवून तो हाताने अर्धा अर्धा वळसा फिरवावा, आणि दर दहा मिनिटांनी आतील कडा खरवडाव्यात. खाऱ्या बर्फात हात घालू नये. उणे १५ अंशांचे पाणी त्वचेला भाजल्यासारखी इजा करते.

बन फुगतो कसा?

रस गार होत असताना बनाचे पीठ मळून ठेवावे. अर्धा किलो मैदा, ७५ ग्रॅम साखर, एक मोठा चमचा भरून मीठ नव्हे, तर लहान सपाट चमचा दीड मीठ, दोन लहान चमचे कोरडे यीस्ट, सुमारे २७५ मिलिलिटर उकळून गार केलेले दूध आणि ६० ग्रॅम लोणी, एवढे साहित्य बारा बनांना पुरते. लोणी शेवटी घालून पीठ दहाबारा मिनिटे चांगले तिंबावे.

तिंबण्याने मैद्यातील प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लूटेन नावाचे चिवट व लवचिक जाळे तयार होते. यीस्ट ही एकपेशीय सजीव बुरशी आहे. ती साखर खाऊन कार्बन डायॉक्साइड वायू आणि थोडे मद्यार्क निर्माण करते. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी इ. स. १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनात हे किण्वन जिवंत पेशींचेच कार्य असल्याचे सिद्ध केले. वायूचे बुडबुडे ग्लूटेनच्या जाळ्यात अडकतात आणि पीठ फुगते. गोव्यात पाव फुगविण्यासाठी पूर्वी ताडी वापरीत, तीही याच कारणाने. ताडीत यीस्ट नैसर्गिकपणेच असते.

यीस्टला २७ ते ३० अंशांची ऊब मानवते. थंड देशांतील पाककृतींत पीठ उबदार जागी ठेवण्यास सांगतात. जयपूरच्या उन्हाळ्यात मात्र याच्या उलट काळजी घ्यावी लागते. ४० अंशांच्या स्वयंपाकघरात पीठ फार लवकर फुगते, त्यास आंबूस वास येतो आणि जाळे सैल होऊन बन बसतात. म्हणून दूध गारच घ्यावे, आणि पिठाचे झाकलेले भांडे ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या परातीत ठेवावे. मीठही येथे मदत करते. ते यीस्टच्या वाढीला थोडा लगाम घालते. बादलीत बर्फाला घाई करावयास लावणारे मीठ पिठात यीस्टची घाई कमी करते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पीठ दुप्पट झाल्यावर ते दाबून, त्याचे बारा गोळे करून पुन्हा फुगू द्यावेत. वरून दूध लावून १८० ते १९० अंश उष्णतेच्या भट्टीत अठरा ते वीस मिनिटे भाजावेत. भट्टीत प्रथम वायू प्रसरण पावतो. ५५ ते ६० अंशांच्या सुमारास यीस्ट मरते. नंतर स्टार्च फुगून आणि ग्लूटेन घट्ट होऊन बनाचा आकार कायम होतो. मद्यार्काचा बहुतेक अंश वाफेबरोबर निघून जातो. साखर व प्रथिने यांच्या संयोगाने वरचा पापुद्रा तांबूस व खमंग होतो.

भिंतीच्या दोन बाजू

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. गोठलेल्या पदार्थात जंतू जगत नाहीत, असा अनेकांचा समज असतो. तो घातक आहे. इ. स. १८८७ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉ. मिचेल प्रुडेन यांनी विषमज्वराचे जंतू पाण्यात घालून ते पाणी गोठविले. शंभर दिवसांहून अधिक काळ लोटल्यानंतरही त्या बर्फात काही जंतू जिवंत आढळले. थंडीने अनेक जंतू मरतात हे खरे. परंतु उरलेले केवळ निद्रिस्त होतात आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात. म्हणून रस आणि दूध आधी उकळावयाचे असते. जंतूंचा नाश उष्णतेने करावयाचा असतो; थंडीवर ते काम सोपविता येत नाही.

बाजारातील लाद्यांचा बर्फ पुष्कळदा मासे किंवा इतर माल टिकविण्यासाठी बनविलेला असतो. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. वाहतुकीत तो गोणपाटावर आणि जमिनीवर ठेवला जातो. लोकांना असा बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात इ. स. २०१८ मध्ये अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम करण्यात आला. बर्फाच्या गोळ्यात बर्फच खाल्ला जातो; म्हणून त्याचे पाणी शुद्ध असणे अत्यावश्यक असते. पॉटमध्ये मात्र बर्फ बाहेर राहतो आणि खाण्याचा पदार्थ आत. धातूची भिंत उष्णतेला बाहेर जाऊ देते, पण जंतूंना आत येऊ देत नाही. या पदार्थाची सारी निर्धोकता या भिंतीवर अवलंबून आहे.

यासाठी तीन नियम कटाक्षाने पाळावेत. बादलीतील खाऱ्या पाण्याची पातळी डब्याच्या झाकणाखालीच ठेवावी आणि वाढलेले पाणी काढून टाकावे. झाकण उघडण्यापूर्वी डबा बाहेर काढून, त्यावरील पाणी पुसून, स्वच्छ पाण्याने धुवावा. आणि गोठलेला रस किंचितही खारट लागला, तर तो सर्वच्या सर्व टाकून द्यावा. वस्तुतः रसात चिमूटभर मीठ घातलेलेच असते. पण त्याची चव वेगळी जाणवत नाही. जिभेला स्पष्ट खारटपणा लागला, तर बादलीतील पाणी आत शिरले, हे निश्चित. मीठ ज्या फटीतून शिरले, त्याच फटीतून बर्फातील जंतूही शिरले असणार. मेहनत वाया गेल्याचे वाईट वाटते, विशेषतः घरातील मुले वाट्या घेऊन बसलेली असताना. परंतु विषमज्वराची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते. खारटपणा लागला नाही म्हणून डबा निर्दोष होता अशी पूर्ण हमी मात्र मिळत नाही. म्हणून डब्याला भोक नाही ना, हे आधीच पाणी भरून पाहावे. अलाहाबादच्या कारागिरांनी पेल्यांची झाकणे कणकेने लिंपली, तेव्हा जंतूंची विद्या जन्मास आली नव्हती. त्यांना सरबत खारट होऊ द्यावयाचे नव्हते. तथापि त्या लेपाने दोन्ही कामे साधली.

दोहोंचा मेळ

फळाच्या बर्फात स्निग्धांश नसतो. तो आंबट, गोड व अतिशय थंड असतो. बनात दूध, लोणी आणि स्टार्च असते. थंडीने बधिर झालेल्या जिभेला बनाची मऊ ऊब पुन्हा चव घेण्यास तयार करते. इटलीच्या सिसिली बेटावर उन्हाळ्यात सकाळी ब्रियोश नावाच्या लोणीयुक्त गोड बनाबरोबर फळांचा खरबरीत बर्फ खातात. सिसिली काय किंवा जयपूर काय, कडक उन्हाच्या देशात माणसाची जीभ सारखीच गोष्ट मागते.

या विषयाचा एक सोपा प्रयोग शाळेत करता येईल. दोन एकसारख्या धातूच्या पेल्यांत बर्फाचा चुरा समप्रमाणात घ्यावा. एका पेल्यात चार चमचे मीठ घालून ढवळावे. दोहोंत तापमापक ठेवून दर दोन मिनिटांनी आकडे लिहावेत. पहिल्या पेल्याबाहेर नुसते दव जमेल. मीठ घातलेल्या पेल्याबाहेर, हवेत पुरेशी वाफ असल्यास, हिमाचा पांढरा थर धरेल. कोणत्या पेल्यातील बर्फ आधी वितळला आणि कोणता पेला अधिक थंड झाला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे. जो बर्फ लवकर वितळतो तोच अधिक थंडी देतो, हे ऐकून पटत नाही, पाहिल्यावर पटते. प्रयोगानंतरचे खारे पाणी झाडांना घालू नये, कारण मिठाने जमीन नापीक होते.

सी-स्कीममधील दुपार कलली, की दांडा जड होतो आणि बन गार होऊ लागतात. डबा काढून, पुसून, धुऊन मग झाकण उघडावे. आधी एका मोठ्या माणसाने चमचाभर चाखून पाहावे, आणि मगच मुलांच्या वाट्या भराव्यात.